ओल्हाच्या वाट्याची फळी

रात्रभर बर्फ पडलं होतं. युक्रेनी मंडळाच्या हॉलचं कुलूप ओल्हाबाईंनी तळव्यात धरून आधी उबवलं, मग उघडलं. चूल पेटवून त्यांनी बटाट्याच्या सारणाच्या वरेनिकी, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरायला घेतल्या, तोच मंडळाचा चिटणीस ओरेस्ट आला.

"मावशी, हे लांबडं टेबल काढायचं ठरलंय. आताची घरं तीन-चार माणसांची. छोटी टेबलं पुरतात."

पूर्वी हॉलमध्ये प्रत्येक घराचं आपलं टेबल असे. हे ओल्हाबाईंच्या बापानं आठ पोरांच्या मापानं केलेलं. नववी ओल्हा झाली तेव्हा मंडळातले लोक हसले होते, "अरे, आता तरी थांब!" आणि त्यांनीच फळी आणून टोकाला जोडून दिली होती. जेवताना कोपराला कोपर लागायचं. आता आठही भावंडं गेली होती.

"जोडावर कापतो," ओरेस्ट हळूच म्हणाला. "तुमची फळी घरी न्या."

"आणि तेवढ्याशा तुकड्यावर एकटीच जेवू, मेल्या? बाकीच्यांना चिकटून आहे म्हणून ती माझी!"

ओरेस्टनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं, राहू दे भिंतीशी. पण बसणार कोण त्याच्यावर?"

ओल्हाबाईंनी थोरल्या भावाच्या, स्टेफानच्या जागी पीठ भुरभुरलं आणि तिथून आपल्या फळीपर्यंत प्रत्येकाच्या जागी एकेक वरेनिकी मांडत निघाल्या.