याकूबची चक्की

समस्त वाचकांना कळवण्यात येते की यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा आहे. भूगोलाच्या पुस्तकात नसेल, तर पुस्तक चुकलं आहे. पुसदहून जीपने तासभर, मग मुरमाच्या वाटेने पायी, आणि टेकडी उतरलात की समोर पाणी... तिन्ही बाजूंनी. धरणाचं आहे, गोडं आहे, पण तिथली माणसं त्याला दर्याच म्हणतात. गावाचं नाव नवं कोळदरा. जुनं कोळदरा त्या पाण्याखाली आहे.

मी पुसदचा डिझेल मिस्त्री. वय बावन्न. जिन, भूत, चकवा यांपैकी कोणावर माझा विश्वास नाही. इंजिन उघडून बघितल्याशिवाय मी बिघाडाचंसुद्धा नाव घेत नाही, तिथे भुताचं काय घेणार? हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही हसणार.

कोळदऱ्याचा इतिहास छोटा आहे. धरण झालं, गाव टेकडीवर चढलं. ज्यांना जमलं ते पुसदला, ढाणकीला निघून गेले. उरली वीस-बावीस घरं. भोई आधीपासून मासे धरत होते, बाकीचे शेत बुडालं म्हणून धरायला लागले. आता मासेही कमी, शाळेला कुलूप, आणि तरणी पोरं पुण्याला. पण या लोकांची एक रीत आहे, तशी मी कुठेच पाहिली नाही. डोंगा पाण्यात लोटण्याआधी घरच्यांना पत्ता सांगायचा. पत्ता कुठला? तर खालच्या गावातला!

"कुठी चालले?"

"पाटलाच्या माजघरात."

मी एकदा विचारलं होतं, "चपला काढून जाळं टाकता ना?" काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रीतीचा उपयोग मात्र हसण्यासारखा नाही. डोंगा परतला नाही, तर शोधायचं कुठे हे ठाऊक असतं.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं डिझेल इंजिन बंद पडलं, म्हणून मी गेलो. सकाळचे अकरा. पोचतो तर अख्खं गाव काठावर. देवराव भोई आदल्या सकाळी गेला होता. दुपारी वाऱ्याने त्याचा डोंगा रिकामाच काठाला आणला. घरून निघताना त्याने पत्ता सांगितला होता, चावडीचा. म्हणून चार डोंगे कालपासून चावडीवर गळ ओढत होते. काही लागत नव्हतं.

देवरावची बायको शेवंता चावडीच्या पाण्यासमोर खडकावर बसली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा गाव कधीच बुडालं होतं. तरी कोणाचं दार कुठे, तिला तोंडपाठ. ती रडत नव्हती. बायांनी चहा दिला, तो तसाच बाजूला थंड झाला होता. तिचं एकच म्हणणं होतं, "फकस्त माती द्या मले त्यायची." देवराव जिवंत असेल, असं कोणी म्हणत नव्हतं. निदान हाती तरी लागावा...

अशा वेळी मिस्त्रीने काय करावं? मी इंजिन खोलून बसलो. नोझल हातात, हेड जमिनीवर. आणि तेवढ्यात ऐकू आलं... टुक टुक टुक टुक टुक... फुस्स. टुक टुक टुक टुक टुक... फुस्स. जुनं एक सिलिंडरचं इंजिन, पट्ट्यावर चाललेलं, दर सहावा ठोका गिळणारं. आवाज पाण्याकडून येत होता. डाव्या अंगाने, नाल्याच्या बाजूने.

आणि माझी जीभ! मी ओरडलो, "कोणाची चक्की आहे रे? नोझल साफ करा म्हणावं तिचं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुलाबकाका काठी टेकत आले. खालच्या गावाचा पूर्ण नकाशा आता त्यांच्या एकट्याच्या डोक्यात आहे. तेच काठीने डोंग्यांना दिशा दाखवत होते.

"काय म्हनलं, मिस्त्री? कोळदऱ्यात चक्की नाई. दळाले आमी दुसऱ्या गावी जातो."

"मग ही कोणाची वाजून राह्यली?"

"आमाले त काईच आयकू नाई आलं. कशी वाजते? वाजोव बरं."

मी मांडीवर हात आपटून वाजवून दाखवली. नाटकी माणूस मी, फुस्ससुद्धा हुबेहूब केलं. काका आणखी जवळ आले.

"याकूबची," ते म्हणाले. "अशीच अडखळे. गाव उठलं तवा त्यानं इंजिन भंगारात देल्लं."

"चक्की होती कुठे?"

"नाल्याच्या तोंडाले. पन तिकडं कोनी जात नाई. खाली बाभळी हायेत, जाळं फाटते. तो पत्ता कोनी सांगतच नाई."

डोंगे हलवायचे म्हणजे मेलेल्या माणसाने सांगितलेला पत्ता खोटा ठरवायचा. शेवटी काकांनी काठी डावीकडे वळवली.

अर्ध्या तासात देवराव सापडला. बाभळीत अडकला होता.

नंतर मी खूप तपास केला, मिस्त्री आहे ना. पाण्यावरून आवाज लांबून येतो म्हणतात, म्हणून पलीकडच्या काठाची सगळी गावं मोटरसायकलने पालथी घातली. सगळीकडे विजेच्या चक्क्या. माझा जावई सायन्स शिकवतो. तो म्हणाला, "अब्बा, कानाचा भास." असेल. पण याकूबचं इंजिन भंगारात गेलं तेव्हा मी पुसदच्या शाळेत पाढे म्हणत होतो. त्याचा बिघाड माझ्या कानाला कसा माहीत? आणि चावडी सांगून निघालेला देवराव, जिथे कोणी जात नाही तिथे का गेला?

त्या दुपारी मात्र माझ्या कानाचं कोणाला पडलं नव्हतं. डोंगा काठाला लागला. गुलाबकाका म्हणाले, "पोरी, पाहू नको." शेवंताने ऐकलं नाही. ती खडकावरून उठली, गुडघाभर पाण्यात शिरली, नवऱ्याच्या तोंडावरचं शेवाळ पदराने पुसलं आणि सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणाली,

"अजी, कालपासून मी चावडीपाशी बसून हावो, न तुमी याकूबच्या चक्कीवर?"