बाईंच्या सुट्टीतली कादंबरी

ऐंशीच्या दशकात सौंसरला आमच्या शेजारी एक शिक्षिका राहत. बोलता बोलता त्या वाक्य अर्ध्यावर सोडून डोळे मिटायच्या आणि हवा तो शब्द सापडला की मगच उघडायच्या. भाजीवाली वैतागायची.

एकदा उन्हाळी सुट्टी लागली तशी बाईंनी गल्लीभर सांगून टाकलं, "महिन्याभरात कादंबरी लिहून काढते. सगळ्यांना सांगितलं की माघार घेता येत नाही."

तेवढ्यात पांढुर्ण्याला बाईंच्या दिराचं लग्न ठरलं आणि त्यांचं घर पाहुण्यांनी भरलं. मला वाटलं, राहिली आता कादंबरी. पण बाई सकाळी पोळ्यांचा ढीग लाटायच्या आणि आमच्या मागच्या छपरीत लिहायला येऊन बसायच्या. मग कुंपणापलीकडून सासूबाईंची हाक यायची.

"सूनबाई, काय करून राहिली वो तिकडे?"

"लिहून राहिली, आई! एक पोरगी रुसून विहिरीजवळ बसली आहे. तिला घरी आणते अन् येते!"

सासूबाई घाबरल्या. "कोणाची पोरगी वो? आण मग लवकर!"

महिना सरता सरता बाई पेढे घेऊन दारात आल्या.

"छापून आली का?" मी विचारलं.

"नाही ताई, लिहून झाली," म्हणाल्या, आणि एकदम रडायलाच लागल्या. "आता सकाळी उठून कोणाजवळ जाऊ?"

ती कादंबरी कधीच छापली गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी सवयीनं छपरीत चटई अंथरली, आणि बाई आल्या. त्या दिवशी आम्ही दोघी नुसत्याच बोलत बसलो.