बाकीचे सहा जण

कोणाच्याही दारावरची बेल वाजवायच्या आधी काका उजव्या हातातला हातमोजा काढायचे, तो हात काखेत दाबून धरायचे आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचे. बाहेर बर्फ पडत असो, वारा कान कापून काढत असो, वीस म्हणजे वीस. मग बेल. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "थंडगार हात पुढे केला तर समोरच्याला वाटते, फ्रिजमधली काकडी हातात दिली. तो काहून मत देईल?"

मिशिगनमध्ये, ट्रॉयला, आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. मूळचे नागपूरचे. तीस वर्षं अमेरिकेत काढली तरी "करून राहिलो", "जाऊन राहिलो" काही सुटलं नव्हतं. मी पुण्याहून एच-वन व्हिसावर आलेला, त्यामुळे माझं नाव पहिल्या भेटीतच रद्द करून त्यांनी मला "पुणेकर" केलं. मी कोड लिहीत असे ती कंपनी आणि ते काम करत ती लॅब एकाच आवारात होती. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे गाडी नव्हती तेव्हा ते मला रोज घेऊन जायचे. पुढे त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला, अंधूक उजेडात दिसेना, तेव्हा मी त्यांना न्यायला लागलो.

काका गाड्यांच्या दारांची चाचणी करायचे. एक यंत्र गाडीचं दार दिवसभर उघडायचं आणि आपटायचं, आणि काका शेजारी बसून ऐकायचे. बिजागरी कधी दमली, रबर कधी सैल पडलं, ते त्यांना आवाजावरून कळायचं. "रिपोर्ट नंतर येतो, दार आधीच सांगते," असं ते म्हणायचे.

दोन हजार सातचा पानगळीचा मोसम असेल. त्यांची मुलगी ॲन आर्बरला शिकत होती. तिला भेटायला गेलेले काका परत आले ते एक पत्रक घेऊन. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे इथे आधी एकेका राज्यात मतदान घेऊन ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात. आमच्या राज्याची प्रायमरी जानेवारीत होती. पत्रकावरचा माणूस त्या शर्यतीत होता, म्हणजे असं कागदोपत्री म्हणायचं. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये त्याला सगळ्यात कडेला उभं करायचे आणि बोलण्याची पाळी आली की जाहिराती लागायच्या.

"लायब्ररीच्या हॉलमध्ये भाषण होतं त्याचं," काका गाडीत सांगू लागले. "खुर्च्याच जास्त होत्या. मी हात वर केला. विचारलं, आमच्या इथले हे गाड्यांचे कारखाने दहा वर्षांनी राहतील का? तो थांबला. चष्मा काढला. म्हणाला, मला माहीत नाही. राहतील म्हटलं तर मी तुमच्याशी खोटं बोललो असं होईल."

"मग?"

"मग काय? तीस वर्षं झाली पुणेकर, एका मॅनेजरच्या तोंडून मी 'माहीत नाही' ऐकलं नाही. ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांच्याही नाही."

एवढ्यावर काकांनी ठरवलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ही इज नॉट गोइंग टू विन." काकूंनी तर तोंडावर सांगून टाकलं, की मी दुसऱ्याला देणार आहे, माझ्या मताच्या नादी लागू नका. तुमच्या ओळखीत हरणाऱ्याच्या बाजूला हौसेनं उभी राहणारी माणसं असतील. काका त्यातले नव्हते. तो माणूस पटलाय आणि तो हरणार आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ते मानत, आणि एकीमुळे दुसरी बदलावी असं त्यांना वाटत नसे. लोक विचारायचे, "काका, चान्स किती?" ते शांतपणे म्हणायचे, "जिंकणार नाही. कितीनं नाही, ते पाहायचं आहे."

सुरुवात मराठी मंडळाच्या फोन-यादीपासून झाली. निम्म्या लोकांना मतच नव्हतं. कोणी व्हिसावर, कोणी ग्रीन कार्डच्या रांगेत. "मी देणगी नाही मागून राहिलो," असं आधीच सांगितल्यामुळे लोक निदान फोन ठेवत नसत. लॅबमधल्या चाचणीच्या कोऱ्या तक्त्यांवर काकांनी तीन रकाने केले होते: पास, फेल, पुन्हा तपासा. अमेरिकन माणूस "विचार करतो" म्हणाला तर तो "पुन्हा तपासा"मध्ये जायचा. मराठी माणूस "बघू" म्हणाला की थेट फेल.

मग शनिवारी दुपारी घरोघर जाणं सुरू झालं. गाडी मी चालवायचो. खरं सांगतो, पहिले दोन शनिवार मी गाडीतच बसून राहिलो. आपण परदेशी, आपले कागद अजून सरकारच्या टेबलावर, उगाच कशाला कोणाच्या राजकारणात दिसायचं, अशी माझी भीती. काका एकटेच पायऱ्या चढायचे. तिसऱ्या शनिवारी फुटपाथवरच्या बर्फावर त्यांचा पाय सरकला, मी धावत गेलो, आणि तेव्हापासून त्यांचा डावा कोपर धरून मीही प्रत्येक पायरी चढू लागलो.

काका फार बोलत नसत. नाव सांगायचे, कुठल्या रस्त्यावर राहतो ते सांगायचे, आणि लायब्ररीतली ती एकच गोष्ट. मग समोरच्याचं ऐकत उभे राहायचे. एक निवृत्त शिक्षिका पंधरा मिनिटं कुत्र्याच्या गुडघ्याबद्दल बोलली, तेही त्यांनी पुरं ऐकलं. निरोप घेऊन पायऱ्या उतरताना पाठीमागे दार बंद व्हायचं आणि काका क्षणभर थबकायचे.

"हे हो म्हणालं."

"अहो काका, त्या बाई तर म्हणाल्या, विचार करीन."

"बाई म्हणाल्या. दार हो म्हणालं. किती हळू लावलं पाहिलं नाही तू?"

चुकायचेही. कोपऱ्यावरच्या घरात कारखान्यांची अवजारं बनवणारा एक म्हातारा पोलिश टूलमेकर एकटा राहायचा. त्याने गोष्ट ऐकली, "नाही" म्हणाला आणि दार आपटलं. काका म्हणाले, "बिजागरी सुजली आहे, माणूस वाईट नाही." तरीही तक्त्यावर लिहिलं फेल.

नाताळपर्यंत पासच्या रकान्यात तेवीस नावं झाली. तेवीस माणसांनी काकांचा गरम हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

आणि प्रायमरीला पाच दिवस उरले असताना तो माणूस शर्यतीतून बाहेर पडला.

लॅबच्या कॅन्टीनमध्ये आम्ही डबा खात होतो. वर टीव्हीवर खालच्या पट्टीत बातमी सरकत गेली. एका ओळीची बातमी, तीही दुसऱ्याच्या भाषणाखालून. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी हातातला पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाले, "मतपत्रिका छापून झाल्या आहेत. नाव तर राहील." घरी जाताना गाडीत फक्त एवढंच म्हणाले, "शनिवारी मोकळा आहेस का?"

"आता कशाला, काका?"

"तेवीस लोकांना सांगायला लागेल."

त्यांच्या घरी चहा घेताना काकूंनीही हेच विचारलं. "अहो, टीव्हीवर आलंय. लोक बघतील की आपलं आपण. कशाला त्या थंडीत परत?"

"मागायला मी गेलो होतो," काका म्हणाले. "टीव्ही गेला नव्हता."

तो शनिवार मी विसरलेलो नाही. ऊन होतं, पण त्या उन्हात ऊब नव्हती. काका प्रत्येक घरी गेले. तोच मोजा, तीच काख, तेच वीस. दार उघडलं की म्हणायचे, "तुम्ही मला शब्द दिला होता. माझा माणूस बाहेर पडला. तुम्ही तुमचं मत हवं त्याला द्या, माझ्याकडून तुम्ही मोकळे." एका तरुण बाईने तर त्यांनाच विचारलं, "आर यू ओके?" कुत्रेवाल्या शिक्षिकेने आत बोलावून कोको दिला. कोणी हसलं नाही. मला मात्र उगाच वाटत होतं, की आता कोणीतरी हसेल.

तेवीस झाल्यावर काका कोपऱ्याकडे वळले.

"काका, तो पोलिश तर फेलमध्ये होता. त्याला कशाला सांगायचं?"

"त्याचाही वेळ घेतला होता ना."

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. दार पुन्हा आपटलं. काकांनी थबकून ऐकलं, पण निकाल दिला नाही.

मंगळवारी सकाळी कामावर जाता जाता आम्ही मतदानाच्या शाळेपाशी थांबलो. मी गाडीत, काका आत. बाहेर आले तेव्हा कोटावर, मत दिलं की इथे देतात ते गोल स्टिकर होतं. "कोणाला दिलं?" असं विचारण्यात अर्थ नव्हता. "नाव छापलेलं होतं," म्हणाले आणि सीटबेल्ट लावला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला गाडी सिटी क्लार्कच्या ऑफिसकडे घ्यायला लावली. आपल्या मतदान केंद्राचे आकडे तिथे मागितले की दाखवतात. काका परत आले ते जवळजवळ पळत. बर्फावरून पळू नये हे सगळ्यांना सांगणारा माणूस पळत आला.

"पुणेकर, सात!"

"सात काय?"

"सात मतं! बाहेर पडलेल्या माणसाला. एक माझं." त्यांनी काचेतून पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं, जणू ती माणसं तिथूनच चालली असावीत. "बाकीचे सहा जण कोण?"

तो सगळा हिवाळा त्यांनी या प्रश्नावर काढला. इंडियन किराणा दुकानात समोरून कोणी आलं की मला कोपर मारायचे, "हा असेल?" कुत्रेवाली शिक्षिका एक असावी, हा त्यांचा अंदाज. विचारायचं मात्र नाही. मत गुप्त असतं. माझ्यासारख्या मत नसलेल्याला त्या खेळाची इतकी गोडी लागली, की मीही पोस्टमनकडे संशयाने पाहू लागलो.

मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा पोलिश म्हातारा पत्रपेटीपाशी काकांना भेटला. आपणहून म्हणाला, "मी दिलं तुमच्या त्या माणसाला."

काकांना खरंच वाटेना. "तो तर बाहेर पडला होता. मी सांगायला आलो होतो."

"म्हणूनच," म्हातारा म्हणाला. "या रस्त्यावर चाळीस वर्षं राहतोय. मागायला सगळे आले. परत येऊन सांगून गेलेले तुम्ही पहिले."

हे मला सांगताना काकांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मोतीबिंदूवर पुसण्याचा काही उपयोग नसतो, हे त्यांना माहीत होतं.

उन्हाळ्यात लॅब बंद झाली. दार आपटणारं यंत्र कुठल्या तरी दुसऱ्या देशात गेलं. काकांचं वय झालेलं, नवीन काम मिळेना. मुलीला शिक्षण संपल्यावर न्यू जर्सीत, पार्सिपनीला नोकरी लागली होती. तिने दोघांनाही तिकडे बोलावलं. सामान बांधायला मी गेलो होतो. काका गॅरेजमध्ये होते. काकू स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होत्या. मध्येच हात थांबवून हळूच म्हणाल्या, "त्या सातातली एक मी."

"पण तुम्ही तर..."

"हो, दुसऱ्यालाच देणार होते. पण त्या शनिवारी हे घरी आले, आणि अर्धा तास हात गरम होईना यांचा. मी धरून बसले होते." त्यांनी पुढची बशी उचलली. "सांगू नकोस हं. शोधू दे. तेवढाच विरंगुळा."

मी सांगितलं नाही. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून इथे लिहितोय.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते लॅब बंद झाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला. कामानिमित्त न्यू जर्सीला गेलो होतो. फोन केला तर म्हणाले, "लायब्ररीत ये, मी मतदारांची नावं नोंदवून राहिलो."

"या वेळी कोणासाठी?"

"कोणासाठी नाही रे बाप्पा. नुसती नावं."

लायब्ररीच्या व्हरांड्यात घडीचं टेबल टाकून ते बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. समोर एक म्हातारी गुजराती बाई, साडीवर जाड स्वेटर, नवीन नागरिक झालेली. ती अर्जावर स्वतःचं नाव इंग्रजीत लिहीत होती, एकेक अक्षर ओठांनी म्हणत. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून काकांनी त्याचं वरचं टोक दोन बोटांनी दाबून धरलं होतं. मागे रांगेत चारपाच जण उभे होते. काकांनी मला पाहिलं, पण हात हलवला नाही, हसलेही नाही. नुसती भुवई उचलून खूण केली, की थांब, हिचं आडनाव मोठं आहे.

मी थांबलो.