बॉनेटवरचा हात

मी पुण्याला नोकरीला निघाले तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला डेअरीच्या दुधाच्या टेंपोत पुढं बसवून कोल्हापूर स्टँडवर आणून सोडलं होतं. मागं कॅन खडखडत होते, माझ्या मांडीवर बॅग आणि बॅगेवर आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या. आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, स्टँडपर्यंत दीड तास.  एसटी हलली तेव्हा आप्पा खिडकीचा गज धरून एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर." मी म्हटलं, "करतो." आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. पुण्यात खोलीतल्या मुली त्यावर इतक्या हसल्या की महिन्याभरात मी करते, येते शिकले. कामावर अजून तेच बोलते. गावी फोन लावला की जुनं तोंड आपोआप परत येतं.

त्याला चौदा वर्षं झाली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी येऊन मी तेच काम फुकट करते, असं आईचं म्हणणं.

गेल्या पावसाळ्यात आईला दम्याचा मोठा झटका आला. घरी गाडी नव्हती. शेजारच्या दादूनं त्याची जीप काढली आणि ती निम्म्या वाटेत पाण्यात बंद पडली. पुढचा पाऊण तास आप्पा आईला धरून रस्त्याकडेला बसून होते. मी चाकणला कंपनीच्या जिन्यात फोन कानाला लावून उभी. रेंज यायची तेव्हा आईचा श्वास ऐकू यायचा, जायची तेव्हा काहीच नाही. शेवटी भाजीच्या एका टेंपोवाल्यानं दोघांना कोल्हापूरला पोचवलं. आई वाचली. पण डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही.

म्हणून ठरलं, पुढच्या पावसाळ्याआत घरची गाडी पाहिजे. दुधाचे कॅन, वैरण, खत आणि वेळ आली तर आई, सगळं एकाच गाडीतून जायला हवं, म्हणून पिकअप. नवी कोरी झेपणार नव्हती. दोन वापरलेल्या नजरेत होत्या. हातकणंगल्याला एका दलालाकडं पाच वर्षं वापरलेली, पांढरी, पॉवर स्टिअरिंगची. मुरगूडला नाना नावाच्या दूधवाल्याकडं सतरा वर्षं जुनी, निळी, पत्र्याच्या भोकांत ठिकठिकाणी लांबी भरलेली. मी चार दिवसांची रजा टाकून आले. मनात पांढरी पक्की करूनच आले होते, उगाच खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी आप्पा आणि मी हातकणंगल्याला गेलो. मी मोबाईलमध्ये तपासायची यादी करून आणली होती. टायर, ब्रेक, तेलगळती, कागद. एकेक बघून खूण करत होते. आप्पांनी यातलं काही केलं नाही. ते सरळ पुढं गेले आणि बॉनेटवर हात ठेवला.

"गरम हाय," ते म्हणाले.

दलाल हसला. "पावणं, उनात हाय की गाडी."

"सावलीत हाय," आप्पा म्हणाले. "आमी यायच्या आधी चालू केलतासा व्हय?"

आणि तिथून निघालेच. परतताना एसटीत मी भडकले. आप्पांनी जन्मभर म्हशी घेतल्या आणि विकल्या. म्हैस घ्यायची तर विकणाऱ्याच्या दारात तीन वेळच्या धारा डोळ्यांदेखत काढून बघायच्या, हा त्यांचा नियम. कारण लोक आदल्या वेळची धार काढतच नाहीत, कास भरलेली दिसावी म्हणून. तोच नियम ते गाडीला लावत होते. न सांगता पहाटे जायचं, थंड इंजिन चालू होताना बघायचं, कारण आधीच गरम केलेलं इंजिन आजार लपवतं.

"आप्पा, म्हैस न्हाय ती. माझी रजा संपंल."

"रजा तुझी संपंल. गाडी हितंच ऱ्हाणार हाय."

हे मला लागलं. मी पण मग नको ते बोलले. तुमच्या चिकित्सेपायीच मागल्या वर्षी घरात गाडी नव्हती, असं म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत बसले.  जेवताना आई एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दादूच्या जीपमधून आम्ही मुरगूडला. आई पण आली, तिची बहीण तिथंच असते म्हणून. नाना दात घासत होते, आम्हाला बघून गडबडले. निळीचं बॉनेट थंडगार. आप्पांनी ते उघडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. बघा, म्हणाले, सगळं दिसतंय. हा पंप, ही नळी, हा पट्टा. मधे कसला डबा न्हाय, वायरी न्हाईत. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलत होते. आईला त्यांनी हौसेनं आत बसवलं, दार लावलं आणि स्वतः चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. मागं काळा लोट. मी गाडीखाली वाकून गंज शोधत होते, म्हणजे आप्पांना दाखवायला. ते उतरून परत इंजिनवर वाकले, कान लावून.

आईकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

गिअरच्या खालचं रबर फाटलेलं होतं. धूर तिथून केबिनमध्ये येत होता. काच खाली होत नव्हती. मी उठले तेव्हा आई दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली होती, तोंड उघडं आणि ओठ निळसर. मी दार ओढलं. तोंडात मारायचा तिचा पंप पिशवीत, आणि पिशवी दादूच्या जीपमध्ये. मी अनवाणीच पळाले, चप्पल कुठं सुटली ते आठवत नाही. पिशवीची गाठ सुटेना, दातांनी ओढली. पंप मारला, परत मारला. नानांच्या बायकोनं पाठ चोळली. किती मिनिटं गेली सांगता येणार नाही. मग आईचे खांदे हळूहळू खाली आले.

"हाक का मारली न्हाईस?" मी ओरडलेच तिच्यावर.

ती थांबून थांबून म्हणाली, "त्येंचा... जीव रमला हुता की. म्हटलं हुतील दोन मिन्टं."

मला रडू आलं आणि राग पण आला, तिचा, आप्पांचा, माझा. ज्या माणसासाठी गाडी घ्यायची त्या माणसाला त्यात बसवून बघावं, हे माझ्या यादीत नव्हतं आणि आप्पांच्या तीन धारांतही नव्हतं.

आप्पा नानांच्या पायरीवर बसले होते. मी जवळ गेले तर खाली बघूनच म्हणाले, "जीप बंद पडलती तवा मी नुसता बसलोतो, मने. हातानं करण्यासारखं कायबी नव्हतं. जुनीचं झाकण काढून कायतरी करता येतंय. त्या पांढरीचा धोक्याचा दिवा लागला, तर मी कुणाला विचारू? तू हितं हाईस का?"

नाही. मी इथं नव्हते. त्या पाऊण तासात आम्ही दोघंही नुसते बसून होतो, ते रस्त्याकडेला आणि मी जिन्यात. त्यांना हाताशी असलेलं इंजिन हवं होतं, मला बंद न पडणारं. मी त्यांच्याशेजारी बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की जायलाच नको होतं. तसं त्यांना बोललेही. ते म्हणाले, "गप. जायलाच पायजे हुतं."

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं न सांगता हातकणंगल्याला. आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला. थंड. आई आत बसली, काचा बंद करून. पांढरी पहिल्याच झटक्यात लागली. दहा मिनिटं आप्पा इंजिनकडं न बघता आईकडं बघत उभे होते. मी पण.

आईला काही झालं नाही, पांढरी घेतली. निघायच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या मित्राला फोन करून मी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे कागदावर काढले. कुठल्या दिव्याकडं बघायचं नाही, दवाखान्यापर्यंत गाडी चालू द्यायची, कुठला लागला की जाग्यावर थांबायचं आणि मग हातानं काय काय करायचं. आप्पांनी तो कागद पाठ केला. मी उलटसुलट विचारत होते, ते शाळेतल्यासारखे उभे राहून उत्तरं देत होते. एक चुकलं, तर स्वतःवरच चिडले.

आपल्यापैकी जे जे निघून आले त्यांना लोक विचारतात, घराची आठवण येते का. मला विचारलं तर मी वेळ सांगते, सकाळी सव्वासहा. तेव्हा आप्पांचा फोन येतो. ते बोलत नाहीत. फोन डॅशबोर्डवर ठेवतात आणि थंड गाडीची चावी फिरवतात. इंजिन लागेपर्यंत मी इकडं श्वास रोखून उभी असते, हातात चहा तसाच. मग ते लागतं, आणि मागून आई विचारते, "ऐकलीस न्हवं?"

"ऐकलो," मी म्हणते, आणि कामावर निघते.