एस्पोझितोचं मूळ गाव

कॅम्प सांभाळणारे हमीदभाई मला एरवी ‘पाल्या’ म्हणतात. त्या सकाळी ओमानमधल्या दुक्मच्या कॅम्पात त्यांनी ‘पालशेतकर’ अशी अख्खी हाक मारली, तेव्हाच मी हातातला कप खाली ठेवला. “तुझा इटालियन गेला रे,” ते म्हणाले. “झोपेतच. डॉक्टर बोलला, हार्ट.”

साल्वातोरे एस्पोझितो, आमच्या प्रकल्पावरचा वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. तिसऱ्या दिवशी पोलिसांचा कागद हातात आला आणि दुपारी तीनला शवपेटी मस्कतला न्यायचं ठरलं. तिच्याबरोबर त्याचं सामान आणि सामानाची सही केलेली यादी जायची होती. यादी मीच केली. मी डॉक्युमेंट कंट्रोलर. कागद चोख, बाकी सगळा आनंद. अकराच्या सुमारास नेपल्सहून त्याच्या मुलीचा, चियाराचा, फोन आला. ती रडत नव्हती, त्यानं मी जास्त घाबरलो. “बाकी काही नाही आलं तरी चालेल,” ती म्हणाली. “बाबांचं ते अर्धं पदक तेवढं पाठवा.” मी ठणकावून सांगितलं, “आहे, आहे, यादीतच आहे.” फोन ठेवला आणि यादी पाहिली. बूट, बायबल, कॉफीचं भांडं, चष्मे तीन... पदक नव्हतं.

त्या अर्ध्या पदकाचं मोल मला चांगलंच ठाऊक होतं, कारण ती माहिती मी माझ्या मूर्खपणाच्या बदल्यात कमावली होती.

झालं असं, की आपण मराठी माणसं नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव, आणि तिसऱ्या वाक्याला त्याला कुणाच्या तरी सासुरवाडीत नेऊन बसवतो. माझं तर आडनाव हाच कोकणातला पत्ता. साल्वातोरेला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “एस्पोझितो म्हणजे मूळचे कुठले?” तो म्हणाला, “नेपल्स.” मी म्हटलं, “ते शहर झालं. मूळ गाव?” त्यानं खांदे उडवले. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो पालशेतकर कसला! जेवणाच्या रांगेत, साइटवर, बसमध्ये मी दोन वर्षं त्याला तेच विचारत राहिलो. शेवटी त्याचं मूळ मीच शोधायचं ठरवलं. इंटरनेटवर एक दुकान सापडलं, कुठल्याही आडनावाची राजचिन्हं करून देणारं. मी एस्पोझितोची मागवली. लाकडी ढाल, वर मुकुट, मध्ये जीभ काढलेला सिंह, खाली ‘प्राचीन उमराव घराणं’. पाइपलाइनचं काम पुरं झाल्याच्या जेवणात दोनशे माणसांसमोर मी भाषण ठोकून ती त्याच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. इटालियन मंडळींच्या टेबलावर मात्र एक जण फिसकन हसला आणि बाकीचे ताटात बघायला लागले. साल्वातोरे आभाराचं ‘ग्रात्सिए’ म्हणाला आणि ढाल टेबलावर पालथी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना एकाच गाडीतून मस्कतला जायचं होतं. दुक्म ते मस्कत पाच-सहा तासांचा रस्ता; दोन्हीकडे नुसतं सपाट वाळवंट, अधूनमधून एखादा उंट. नेहमी बडबडणारा हा माणूस स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होता. तीन तास! मी दोनदा घसा खाकरला, एकदा हवामानावर बोललो. पुढची नोकरी कुठे बघावी, इथपर्यंत माझा विचार पोचला होता. सिनावच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी त्यानं गाडी थांबवली, दोन करक चहा घेतले आणि बोलायला लागला.

नेपल्समध्ये अनाथ बालकांचं एक घर होतं. त्याच्या भिंतीत एक फिरतं लाकडी पिंप. बाहेरून बाळ त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं. आतली बाई बाळ उचलून घ्यायची, बाहेरची निघून जायची. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नसे. अशा प्रत्येक बाळाला एकच आडनाव... एस्पोझितो. उघड्यावर ठेवलेला. पुढे एका राजानं ते नाव देणं बंद केलं, पण ज्यांना मिळालं होतं त्यांच्या लेकरांना ते चिकटलंच. नेपल्समध्ये आज गल्लोगल्ली एस्पोझितो आहेत, आणि कुणीच कुणाचे नात्याचे नाहीत. “तुझ्या नावात गाव आहे,” तो म्हणाला. “माझ्या नावात एक भिंत आहे. तीसुद्धा रस्त्याच्या बाजूनं.”

मग त्यानं तंबाखूच्या बटव्यातून ते पदक काढलं. देवीचं, मधोमध कापलेलं. काही आया पदकाचं एक अर्धं बाळाच्या गळ्यात बांधायच्या आणि दुसरं स्वतःकडे ठेवायच्या. दिवस पालटले तर येऊन तुकडे जुळवायचे आणि मूल मागायचं. त्याच्या पूर्वजाला मागायला कुणी आलं नाही. पण तो तुकडा घरात थोरल्या लेकराकडे उतरत आला. “आपल्याला टाकलं नव्हतं, एवढंच त्यावरून कळतं,” तो म्हणाला.

यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, “म्हणजे मूळ गाव नेपल्सच!” तो हसला की त्याला चहाचा ठसका लागला, मला अजून कळलेलं नाही. ढालीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी गुपचूप भंगाराच्या ढिगातही डोकावून आलो होतो; ती तिथेही नव्हती.

तर त्या दुपारी दीड वाजला होता आणि मी त्याच्या खोलीत गुडघ्यांवर होतो. बटवा सापडला, पण रिकामा. गादी उलटली, बूट झटकले, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी पेपरावर ओतली. हमीदभाई घड्याळ बघत होते.

“पाल्या, गाडी थांबायची नाय. त्या पोरीला खरं सांगून टाक.”

“काय सांगू? सात पिढ्या सांभाळलेलं मी दोन दिवसांत हरवलं?”

“मग खोटं बोललास कशाला?”

अडीच वाजले. हमीदभाईंनी सामानाचं खोकं उचललं. त्या खोक्यानंच आम्ही दार अडवून ठेवलं होतं. तसं ते दार नेहमीच उघडं असायचं. साल्वातोरे खोलीत असला की सताड उघडं, येणारा-जाणारा आत डोकावणार, कॉफी पिऊन जाणार. मला वाटायचं लसणाचा वास जावा म्हणून. खोकं उचललं तसं दार हळूहळू आपोआप लागलं आणि दारामागच्या भिंतीवर तो सिंह दिसला. जीभ काढून माझ्याकडेच बघत होता.

माझे कान तापले. हमीदभाईंना दिसायच्या आत ती ढाल लपवावी म्हणून मी झडप घालून काढली, छातीशी पालथी धरली... बोटांना काहीतरी टोचलं. मागच्या बाजूला, सिंहाच्या पाठीशी, चिकटपट्टी लावून ते अर्धं पदक बसवलं होतं.

“काय झालं रे?” हमीदभाई म्हणाले. मी ढाल उलटी करून त्यांच्यापुढे धरली. मग यादीत शेवटची ओळ लिहिली: अर्धं पदक, एक.

पदक पोचलं. चियाराला मी खोटं बोललो होतो तेही सांगून टाकलं. तिनं लिहिलं, ढाल तुम्ही ठेवा. बाबा फोनवर सांगायचे, आमच्या घराण्याला सिंह एका कोकण्यानं मिळवून दिला.

ढाल आता माझ्या खोलीत आहे, दारामागच्या भिंतीवर. पाठीवर चिकटपट्टीचा अर्धगोल डाग आहे, तो मी पुसलेला नाही. हमीदभाई येताजाता ओरडतात, “दार लाव रे, एसी बाहेर चाललाय!” मी लावत नाही. कॉफी मला नीट जमत नाही, पण लोक डोकावतात, पिऊन जातात.