नियम क्रमांक सतरा

माझ्या लहानपणी आमच्या घरात पुस्तक एकच होतं, आणि ते भिंतीवरच्या फोटोतल्या हातात होतं. लिहिलेलं म्हणावं असं बाकी काही होतं तर रेशनकार्ड, मायचं विडी कामगाराचं कार्ड आणि खिडकीला पडदा म्हणून लावलेलं तांदळाचं पोतं. त्या पोत्यावरचं मिलचं नाव आतून उलटं दिसायचं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच्यावर, म्हणून शाळेच्या पहिल्या आठवड्यातच बाईंनी वर्गाला विचारलं होतं, "ही पोरगी उलटं काऊन लिहिते?"

बाप राईस मिलमध्ये पोती वाहायचा. मी सातवीत असताना छातीच्या दुखण्यानं गेला. मागं राहिलो मी, माय आणि मायच्या मांडीवरचं विड्यांचं सूप. उन्हाळ्यात माय तेंदूपत्ता तोडायला नागझिऱ्याकडच्या जंगलात जायची, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाची रोवणी करायची आणि राहिलेलं वर्ष विड्या वळायची. तिला वाचता येत नव्हतं. पण मी पुस्तक उघडून बसले की ती सूप जरा दूर सरकवायची, जर्दा पानांवर उडू नये म्हणून. आमच्या घरी पुस्तकाला मिळालेला मान तो एवढाच, पण तो रोज मिळत होता.

अकरावीला मी गावाहून तालुक्याच्या गोरेगावला कॉलेजात जायला लागले आणि नियमकाकाजींच्या तावडीत सापडले.

ते तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल. खरं नाव गावात कोणी घेत नसे. चांगल्या धानाच्या शेतीवाल्या पोवार घरातला माणूस. भाऊ ट्रॅक्टर चालवायचे आणि हे पुस्तकांच्या कपाटात निंबाचा पाला ठेवायचे. भाऊ म्हणायचे, आमच्या घरी एक पीक वाया गेलं. काकाजींची ओळख म्हणजे भिंतीवरचा नियमांचा फलक. पांढरा रंग, काळी अक्षरं, त्यांच्याच हातची. पिशवी बाहेर. चप्पल बाहेर. मोठ्यानं बोलू नये. पेपर घरी नेऊ नये. एकदा तालुक्याचा कोणी पुढारी चपलेसकट आत आला, तर काकाजी जागेवरून उठले नाहीत. नुसतं म्हणाले, "नियम क्रमांक दोन." पुढारी बाहेर जाऊन चप्पल काढून आला. आत येऊन त्यानं पेपर उलटा धरला होता असं लोक सांगतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

वर्षातून एकदा नागपूरहून नवीन पुस्तकांचा गठ्ठा एसटीनं यायचा. तो सोडण्याचा मान दुसऱ्या कोणाला नव्हता. सुतळी कधी कापायची नाही, गाठ सोडायची. मग प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर गोल शिक्का मारायचा. हे वाचनालयाचं गुप्त पान. चोरानं पहिलं पान फाडलं तरी आपलं पुस्तक आपल्याला ओळखू यावं म्हणून. ते गुप्त आहे ही गोष्ट ते प्रत्येक सभासदाला आवर्जून सांगत. शिक्के झाले की पुस्तकं काचेच्या कपाटात जायची. कादंबऱ्या वर, माहितीची आणि अनुभवाची खाली. काचेवर चिठ्ठी, 'नवीन. प्रौढ विभाग.'

मी ते कपाट तीन दिवस बाहेरून वाचलं. चौथ्या दिवशी एका जाड कादंबरीकडे बोट दाखवलं.

"बाल विभागात जा," काकाजी म्हणाले.

बाल विभागात सशाची पुस्तकं होती. मी सोळा वर्षांची होते आणि रोवणीला जात होते.

"काकाजी, मी लहान दिसून राहिली का तुमाले?"

"दिसण्याचा प्रश्न नाही. नियम क्रमांक नऊ. अठरा पूर्ण. घरच्या मोठ्या माणसाचं कार्ड काढ."

"घरी माय आहे. तिले वाचता येत नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सभासदाले वाचता आलंच पाहिजे, असं कुठी लिहिलं आहे?"

पुढच्या बाजारच्या दिवशी माय आली. वांगी आणि मिरच्यांची पिशवी तिनं दाराबाहेर ठेवली. नियम मी रस्त्यातच पढवला होता. फॉर्मवर तिनं अंगठा दिला. काकाजींनी शाईचं बोट पुसायला तिला जुना पेपर दिला आणि कादंबरी काढून तिच्याच हातात ठेवली. माझ्या नाही.

"बाई, कार्ड तुमच्या नावाचं. पुस्तक कोणीही वाचून दाखवो. पण परत आणाले तुमीच यायचं, आणि पुस्तक काय म्हणते ते तुमीच सांगाचं. नियम क्रमांक सतरा."

"आणि नाही सांगता आलं तं?" मायनं विचारलं.

"कार्ड बंद."

फलकाचा खालचा भाग पेपरच्या स्टँडमागं झाकलेला होता. सतरावा नियम तिथं असणारच, असं मी धरून चालले. गरीब माणसाला नियम वाचून बघायची सवय नसते, मानायची असते.

अशी आमच्या घरी दुपारची वाचनं सुरू झाली. मी कॉलेजातून यायची, माय विड्या वळत बसलेली असायची, मी दाराच्या उजेडात मोठ्यानं वाचायची. मायला पान कळत नव्हतं, पण शिक्का कळायचा. "गोल आला का?" ती विचारायची. गोल आला की चहा. माझा घसा बसायचा, पण दुसरा इलाज नव्हता. मायनं सांगितलं नाही तर कार्ड बंद, आणि कार्ड बंद तर मी पुन्हा सशांकडे.

परत करायच्या दिवशी काकाजी गोष्ट विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच. "सांगा बाई, चुकलं कोणाचं?"

पहिल्या कादंबरीत एक बाई नवऱ्याला सोडून शहरात खानावळ चालवते. मला वाटलं माय म्हणेल, नवऱ्याचं. माय म्हणाली, "तिच्या भावाचं. तो दोनदा दारापर्यंत आला आणि वापस गेला. आत आला असता तं पुस्तक इतकं लांबलं नसतं."

काकाजींनी रजिस्टरात काही लिहिलं आणि दुसरं पुस्तक काढलं. वाघांवरचं होतं, चांगलं जाड, फोटोंसकट. त्या वेळी मायनं पंधरा दिवस घेतले आणि परत करताना पुस्तक टेबलावर आपटलं.

"चुकलं कोणाचं?"

"लिवणाऱ्याचं."

पेपर वाचणाऱ्या तीन-चार माणसांनी माना वर केल्या.

"काऊन?"

"वाघ कुठी झोपते, काय खाते, सारं लिवलं. आणि त्याच जंगलात पाला तोडाले जाणाऱ्या बाया? दोन ओळी. त्याही काय, तं त्याइनं जाऊ नये. अरे, मग तुझ्या तोंडातली विडी कुठून आली? मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं, वाघ समोर आला की आमी काय करतो ते. त्यानं वाघाले विचारलं, मले नाही विचारलं."

पेपरवाल्यांपैकी एक हसला. काकाजी त्याच्याकडे वळून म्हणाले, "नियम क्रमांक तीन. मोठ्यानं हसू नये." फलकावर 'बोलू नये' होतं. हसण्याचं त्यांनी त्या दिवशी घातलं.

त्यांनी स्वतः किती वाचलं होतं देव जाणे. कुठलं पुस्तक चांगलं असं विचारलं की म्हणायचे, "हलवायानं पेढे खाल्ले तं गिऱ्हाइकाले काय देईल?" आणि असं म्हणताना टेबलाच्या खणात अर्धवट उघडं पुस्तक पालथं पडलेलं असायचं.

मग मी चूक केली. बारावीची परीक्षा जवळ आली होती. आलेलं पुस्तक होतं एका डॉक्टराच्या आठवणींचं. मी ते एका रविवारी मनातल्या मनात वाचून संपवलं आणि मायला पाच मिनिटांत सांगितलं. डॉक्टर होता, खेड्यात गेला, लोकांनी आधी ऐकलं नाही, मग ऐकलं. "कोणाचं चुकलं विचारलं तं सांग, लोकाइचं."

"एवढंच आहे का त्यात?" माय म्हणाली. "दिसाले तं जाड आहे."

"एवढंच."

बाजारच्या दिवशी वाचनालय भरलेलं होतं. माय म्हणाली, "लोकाइचं चुकलं." काकाजींनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला. "आणि डॉक्टरच्या बायकोचं?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. बायकोबद्दल मी काही सांगितलंच नव्हतं. ती बाई त्या पुस्तकात निम्म्याहून जास्त आहे, हे मला नंतर शांतपणे वाचताना कळलं. माय तशीच उभी राहिली, बारा-पंधरा माणसांसमोर. काकाजींनी कार्ड घेतलं, खणात टाकलं. "नियम क्रमांक सतरा."

मला त्यांचा असा राग आला की नियमांचा फलक उचलून तलावात टाकावा. एका अडाणी बाईला चारचौघांत उभी करणारा माणूस कसला ग्रंथपाल! रस्त्यात मी हे बोलूनही दाखवलं. मायनं मला गोरेगाव सुटेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, "त्याले कायले बोलतेस? त्यानं विचारलं. फसवलं तं तू. बापानं पोती वाहिली, पण अर्धं पोतं टाकून आला नाही कधी." आणि घरी पोचल्यावर सूप समोर न घेता माझी वही समोर घेतली. "दाखव. मी कायले तुझ्या भरवशावर राहू? आता मीच पाहीन काय लिवलं आहे ते."

ती शिकली, पण पटापट नाही. खोटं कशाला सांगू? काना-वेलांटीवर एक उन्हाळा गेला. जोडाक्षर आलं की रस्त्यातल्या डबक्यासारखं ओलांडून जायची. त्यातच एके दिवशी ती एकटी गोरेगावला गेली आणि फॉर्मवर अंगठ्याच्या शेजारी सही करून कार्ड सोडवून आली. काकाजी काय म्हणाले, मी विचारलं. "म्हणाले, सही ओळीच्या बाहेर गेली, नियमात बसत नाही, पण चालवून घेतो."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना काकाजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी खुर्च्या लावायला जागा हवी म्हणून पेपरचा स्टँड हलवला, आणि मी पहिल्यांदा फलक खालपर्यंत वाचला. नियम सोळा होते. सोळाव्याखाली कोरी भिंत. मी आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या सभासदांना विचारलं. पुस्तक काय म्हणते हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. ते पुस्तक ठेवायचे, दुसरं घ्यायचे, चालू पडायचे.

हार गळ्यात घेऊन बसलेल्या काकाजींसमोर मी उभी राहिले. "काकाजी, सतरावा कुठी आहे?"

त्यांनी फलकाकडे पाहिलं. जणू त्यांनाही आजच कळत होतं.

"लिहाचा राहून गेला," ते म्हणाले.

आज मी तहसील कचेरीत कारकून आहे. काम न करण्यासाठी नियमामागं लपणारी माणसं रोज पाहते, त्यांच्या शेजारीच माझी खुर्ची आहे. काम करण्यासाठी नियमामागं लपलेला माणूस मी एकच पाहिला.

निवृत्तीनंतर साखरेनं त्यांचे डोळे गेले. पुस्तकं खणात पालथी घालायचीही गरज उरली नाही. हे मायच्या कानावर आलं. बाजारच्या दिवशी तिनं आपल्या कार्डावर नवीन आलेली एक कादंबरी घेतली आणि वाचनालयामागच्या त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसली. पिशवी आणि चप्पल बाहेर. मग दर बाजारी हेच. दुपारी दोन तास, बोट ठेवून, एकेक शब्द. मी एकदा सोबत गेले होते. काकाजी डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच कुरकुरत होते.

"बाई, या वेगानं मी मरून जाईन, पण या कादंबरीतल्या पोरीचं लग्न काही होणार नाही."

"तुमाले कुठी जायची घाई आहे?"

"गोल आला का?"

"गोल मागच्या महिन्यातच गेला. ध्यान कुठी आहे तुमचं?"

गेल्या दिवाळीआधी काकाजी गेले. पुस्तकाची चाळीस पानं राहिली होती. मायनं ती आमच्या दारात बसून वाचली, सूप दूर सरकवून. मी म्हटलं, दे, मी वाचून दाखवते. तिनं दिलं नाही.

पुढच्या बाजारी ती ते परत करायला गेली, मी सोबत होते. नवीन ग्रंथपाल हुशार पोरगी आहे, कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबते. "झालं काकू," ती म्हणाली. माय हलली नाही.

"काकू, झालं नं. दुसरं पाहिजे का?"

"विचार नं."

"काय विचारू?"

"चुकलं कोणाचं ते."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. बिचारीनं विचारलं, "कोणाचं चुकलं, काकू?"

"काकाजीचं," माय म्हणाली. "चाळीस पानं थांबले नाहीत. लग्न झालं तिचं."

आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. आणि माझ्या मायनं दोनशे बारा पानांची एक कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचली आहे.