आवाज बंद करून बघितलेला ट्रेलर

बाईच्या अंगावरच्या कपड्याला खिसा असेल तर तिला पिक्चरमध्ये काम आहे, नसेल तर ती शोभेला उभी आहे, असं मास्तरांचं ठाम मत होतं. "खिसा कशाला लागतो? किल्ली ठेवायला, चिठ्ठी ठेवायला. म्हणजे बाईला घर आहे, कोणाला तरी भेटायचंय. जिच्याकडे ठेवायलाच काही नाही तिच्याबद्दल सांगणार काय?" असं ते सुईत दोरा ओवता ओवता म्हणत. गिऱ्हाइकं हसत, पण नव्या पिक्चरचा ट्रेलर आला की मुकाट्यानं आधी खिसा शोधत.

मास्तर शिंपी होते, पण नवे कपडे शिवत नसत. सैल झालेले आत घ्यायचे, घट्ट झालेले सोडायचे, बाही आखूड करायची, अस्तर बदलायचं, एवढंच काम. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीन, एक लांब टेबल आणि दाराच्या आतल्या बाजूला काळा रंग फासून केलेला फळा. त्या फळ्यावर मास्तर शिंप्याच्या खडूनं येणाऱ्या पिक्चरांबद्दलची मतं लिहीत. पिक्चर लागायला दोन-चार महिने असोत, मास्तरांचा निकाल तयार. "वकीलबाईच्या कोटाची बाही अर्धा इंच लांब आहे. कोट दुसरीसाठी शिवला होता, भूमिकाही दुसरीसाठीच लिहिली होती. नापास." किंवा, "गालावर तीळ असलेल्या बाईंना यंदा तिसऱ्यांदा आईचं काम. हिरोपेक्षा त्या चार वर्षांनी लहान आहेत. लाज वाटायला हवी, बाईंना नव्हे, लिहिणाऱ्याला." लोक कपडा टाकायला येत आणि फळा वाचून जात. काही जण तर कपडा न आणताच येत, आणि त्यांना मास्तर बसायला स्टूल देत नसत.

दहातले नऊ अंदाज खरे ठरत. त्याचं कारण मास्तरांच्या मते त्यांची पद्धत. ट्रेलर पहिल्यांदा बघायचा तो आवाज पूर्ण बंद करून. निकाल लावायचा तो त्यावरच. संगीत माणसाला फशी पाडतं, संवाद भुलवतात, पण शरीराला खोटं बोलता येत नाही. "चेहरा कोणीही करतं. पाठ बघा पाठ. जिची पाठ बोलते ती नटी." पुढे कधीतरी आवाज लावून बघत, पण खडू एकदा उचलला की निकाल बदलत नसत. गिऱ्हाईक दारातून आत येताच टेप न लावता त्याचं माप सांगणारा माणूस तो. नजर चुकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि माणसाला ज्याचा अभिमान असतो तिथंच तो तोंडावर आपटतो.

ही पद्धत जगात आणखी एकाच माणसाला येत होती. त्यांच्या भाचीला.

बहीण गेली तेव्हा भाची सात वर्षांची होती. मेहुण्यांनी त्याआधीच कधीतरी घर सोडलेलं. बिनलग्नाच्या मास्तरांच्या पदरात अचानक एक पोर आली, आणि रडणाऱ्या पोरीशी काय बोलायचं ते त्यांना सुचेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला टीव्हीसमोर बसवलं, आवाज बंद केला आणि विचारलं, "या दोघींपैकी खोटं कोण बोलतंय, सांग बघू." पोरीनं बाहीला नाक पुसलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ती हिरव्या झग्यातली. तिचे पाय पळून जायला बघतायत." मास्तर चाटच पडले. पोरीचं उत्तर बरोबर होतं.

त्या दिवसापासून मामा-भाचीचं सगळं बोलणं पिक्चरमधून झालं. शाळेत कोणी त्रास दिला की ती म्हणायची, "मामा, समजा एका पिक्चरमध्ये एक मुलगी आहे आणि तिच्या बाकावर एक दुष्ट पोरगी बसते." मास्तर मशीन थांबवून गंभीरपणे विचारायचे, "त्या मुलीची भूमिका काय लिहिलीय? रडकी की खमकी?" पहिल्यांदा मन बसलं तेव्हाही पिक्चर, मोडलं तेव्हाही पिक्चर. आईची आठवण आली की ती विचारायची, "समजा, आईचं काम करणारी मध्यंतराआधीच गेली, तर तो पिक्चर चांगला असू शकतो का?" मास्तर म्हणायचे, "असू शकतो. पण पुढची सगळी मदार पोरीवर येते." तुझ्यावर माझा जीव आहे, असं साधं वाक्य मास्तरांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. गरजच पडली नव्हती.

पुढे भाची नाटकात गेली, मग पिक्चरमध्ये. आधी डावीकडून दुसरी नर्स, मग दार उघडणारी शेजारीण. दोन्ही वेळा कपड्याला खिसा नव्हता. आणि मग एकदाचं खरं काम मिळालं. नायकाच्या बायकोचं, पिक्चरभर. ती दुकानात आली ती धापा टाकतच.

"कथा सांगू शकत नाही, मामा. दिग्दर्शकांनी शपथ घातलीय. ट्रेलर गुरुवारी येतोय. तू बघ आणि सांग. आणि खरं सांग हं."

"मी खोटं कधी सांगितलंय?"

काजबटणं करणाऱ्या काकू कोपऱ्यातल्या चटईवर बसून असत. त्यांचं तोंड सुईसारखंच. त्या म्हणाल्या, "आता बघू मास्तरांचा खडू. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!" सगळे हसले. मास्तरही हसले, पण ते वाक्य त्यांना लागलं. पंचवीस वर्षं फळ्यावर एकाचीही भीड ठेवली नव्हती, आणि आता लोक तोंडावर बाब्या म्हणणार.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोनचा आवाज बंद केला. ट्रेलरमध्ये भाची तीनदा दिसली. एकदा स्वयंपाकघरात पाठमोरी. मागं नवरा येतो, हातातला ट्रे खाली पडतो, कप फुटतात, आणि ही ओट्याशी तशीच उभी. खांदा हलत नाही, मान वळत नाही. दुसऱ्यांदा नवरा काहीतरी जिवाच्या आकांतानं सांगतोय आणि ही त्याच्या डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघतेय. तिसऱ्यांदा नुसतीच खिडकीत. मास्तरांनी फोन डोळ्यांजवळ धरला. त्यांनी पुन्हा बघितलं, पुन्हा आवाज बंद करूनच. दुसरीचा असता तर कदाचित नंतर आवाज लावून बघितलाही असता. पण आपल्या पोरीसाठी सवलत शोधतोय असं त्यांचं त्यांनाच वाटलं, आणि त्यांनी फोन उपडा ठेवला.

खडू हातात घेतला. काकू म्हणाल्या, "मास्तर, आधी पोरीशी बोला की."

"सगळ्यांना जो नियम तोच तिला."

फळ्यावर लिहिलं, "कपड्याला खिसा आहे, म्हणजे भूमिका आहे. पण पाठ मेलेली आहे आणि नजर चुकतेय. भूमिका पास. भाची नापास."

संध्याकाळी ती आली. केकचा खोका घेऊन आली होती. दारातच फळा, तो न वाचता आत येता येत नाही. तिनं वाचला. मास्तर मान खाली घालून एका पँटची शिवण उसवत होते. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. ते काही पुढे बोलतील, काही विचारतील, असं तिला वाटलं असावं. मग ती म्हणाली, "बरोबर आहे, मामा," आणि खोका टेबलावर ठेवून निघून गेली. केक काकूंनी कापला, पण कोणी खाल्ला नाही.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. महिन्याभरानं कळलं की ती दातांच्या दवाखान्यात लागली आहे. पेशंटची नावं लिहून घ्यायची, आत सोडायचं, पुढची तारीख द्यायची. मास्तरांनी मनाची समजूत घातली. कच्च्या कापडाचा कोट शिवून देण्यापेक्षा कापड कच्चं आहे हे सांगणं बरं, असं ते काकूंना म्हणाले. काकू काज शिवत राहिल्या.

पिक्चर लागला चार महिन्यांनी. मास्तर पहिल्याच खेळाला गेले, काकूंना घेऊन. पहिल्या अर्ध्या तासात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही, आणि मग तो प्रसंग आला. ओट्याशी पाठमोरी भाची. मागं नवरा हाक मारतो. पुन्हा मारतो. मग ट्रे पडतो, कपांचा असा खळ्ळकन आवाज होतो की काकू खुर्चीत दचकल्या, समोरच्या रांगेतलं लहान मूल रडायला लागलं, सगळं थिएटर हललं. आणि पडद्यावर ती एकटी हलली नाही.

तिला ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर हळूहळू कान गेले होते आणि नवऱ्याला कळू नये म्हणून ती जिवाचं रान करत होती. डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघत होती ती त्याचे ओठ वाचायला. पाठ मेलेली नव्हती. लपवणाऱ्या बाईची पाठ होती ती. प्रत्येक क्षणी ताणलेली, मागं कोणी आहे का याचा जमिनीतून अंदाज घेणारी. एवढी बोलकी पाठ मास्तरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि ज्या एका माणसानं ती ओळखायची तो आवाज बंद करून बसला होता.

मध्यंतरात मास्तर उठले नाहीत. अंधार झाल्यावर ते तोंडात रुमाल कोंबून रडले. काकू म्हणाल्या, "मास्तर, पोरीनं काय काम केलंय हो!" आणि त्यांनी मास्तरांचा हात धरला. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

बाहेर आल्यावर मास्तर तडक दुकानात गेले. फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "भाची पहिली. मास्तर नापास." बैल गेला नि झोपा केला. तसेच खडूच्या धुळीनं भरलेल्या हातांनी ते तिच्या खोलीवर पोचले.

खोली लहान होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला दवाखान्याचा पांढरा कोट. तिनं चहा टाकला. मास्तरांनी सगळं सांगितलं. ट्रे, कप, रडणारं मूल, काकू. सांगताना त्यांचा आवाज फुटत होता. ती ऐकत होती, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

"मी नाही पाहिला पिक्चर," ती म्हणाली. "पाहणारही नाही."

"अगं, लोक टाळ्या वाजवत होते!"

"वाजवू देत ना. मामा, सेटवर सगळे म्हणत होते, ट्रेलरमधून कोणाला काही कळणार नाही. मी म्हटलं, एक माणूस आहे, त्याला कळेल. त्याला पाठ वाचता येते."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुझं चुकलं याचा राग नाही," ती म्हणाली. "पण आता उभी राहिले ना, की मनात येतं, पाठ मेलीय का? चालताना, आरशासमोर, दवाखान्यात फाइल काढतानासुद्धा. असं मनात येणाऱ्या माणसाला काम करता येत नाही. दिग्दर्शकांनी पुढच्या पिक्चरसाठी विचारलं होतं. मुख्य भूमिका. मी नाही म्हटलं. दुसरी मुलगी घेतली त्यांनी, शूटिंग सुरूही झालं."

"मी जाऊन त्यांच्या पाया पडतो."

"नको. तू ये. दर रविवारी ये. फक्त एक कर, माझ्याशी पिक्चरचं बोलू नकोस. मला सोसत नाही."

मास्तर दर रविवारी जातात. फळ्यावर आता काही लिहीत नाहीत. कोणी विचारलंच तर "लागल्यावर बघा" म्हणतात. भाचीकडे गेले की ते विचारतात, "नळाला पाणी येतं का?" ती म्हणते, "येतं." ती विचारते, "काकूंचे गुडघे?" ते म्हणतात, "तसेच." मग दवाखान्यात गर्दी होती का, होती. चष्म्याचा नंबर वाढला का, वाढला. पाच-सात मिनिटांत सगळं बोलून संपतं. एवढ्या वर्षांत त्यांनी दुसरं काही बोलायची सवयच केली नव्हती, आणि आता साठीला आलेल्या माणसानं ती कुठून शिकायची? तिला काही दुखतंय का, ती एकटी रडते का, कोणी आवडतं का, हे विचारायला त्यांच्याकडे "समजा एका पिक्चरमध्ये"शिवाय सुरुवात नाही. वाक्य ओठांपर्यंत येतं आणि ते गिळून टाकतात.

परवाच्या रविवारी दोघं असेच समोरासमोर बसले होते. शेजारच्या खोलीत कोणीतरी एका नव्या पिक्चरचा ट्रेलर लावला. त्या दिग्दर्शकाचाच होता, दुसऱ्या मुलीचा. खिडकीतून नुसता आवाज येत होता. दोघांनी एकाच क्षणी माना वर केल्या, एकमेकांकडे पाहिलं, आणि मास्तरांना दिसलं की तिचे ओठ हलले, ती काहीतरी म्हणणार होती. ते पुढे झुकले.

तिनं उठून खिडकी लावली.

"चहा घेशील अजून?" तिनं विचारलं.

"दे," मास्तर म्हणाले.